मुंबई ते पुणे, आकाशमार्गे

मुंबई ते पुणे हे अंतर चार प्रकारचं आहे आणि चारही प्रकार खरे आहेत. रेल्वेने 192 किलोमीटर. रस्त्याने, कुठून निघता आणि कुठे पोचता त्याप्रमाणे, 150 च्या आसपास. विमानतळ ते विमानतळ, नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर साधारण 124. आणि एक्स्प्रेसवेने 94.5. शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. कावळ्याला सरळ रेषेत उडत जायला जेवढं अंतर पडतं, त्याहून कमी अंतरात आपला रस्ता घाट चढून, वळणं घेऊन आणि टोल भरून मोकळा होतो. याला स्थापत्यशास्त्राचा चमत्कार म्हणायला काहीच हरकत नव्हती. अडचण एवढीच की हा रस्ता कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. कळंबोलीला मुंबई म्हणणारा माणूस मुंबईत सापडत नाही आणि किवळ्याला पुणं म्हणणारा पुण्यात जन्माला यायचा आहे.

पूर्वी हा घोळ नव्हता. मुंबईचे जुने मैलाचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले असत. पुण्याचा शून्य मैलाचा दगड जीपीओपाशी. म्हणजे एका चर्चपासून निघून एका टपाल कचेरीपर्यंत गेलं की मुंबई-पुणे प्रवास झाला. आता बोरिवलीच्या माणसाला फोर्टात जाणं हाच एक वेगळा दौरा असतो. पनवेलला पोचेपर्यंत त्याचा निम्मा डबा संपलेला असतो आणि तिथे पाटी दिसते ती पुण्याची. पलीकडे हडपसरच्या माणसाला 'पुणे आलं' असं वाकडच्या पुलावर सांगितलं की तो खिन्न होतो, कारण त्याचा खरा प्रवास तिथून पुढे आहे.

वेळेचं प्रकरण त्याहून नाजूक. मुंबई-पुणे किती वेळ लागतो याचं उत्तर गाडीवर, रस्त्यावर किंवा पावसावर फारसं अवलंबून नसतं. उत्तर कोण देतंय यावर असतं. बोलावणारा म्हणतो, "अडीच तास फक्त! सकाळी निघालात तर नाश्त्याला इथे." ज्याला जायचं नसतं तो म्हणतो, "जाऊन येऊन दोन दिवस मोडतात हो." सून पुण्याची असेल आणि महिन्यातून एकदा माहेरी जायचं म्हणाली, तर सासूबाईंच्या हिशेबाने पुणं पाच तासांवर असतं, शिवाय घाटात दरडी कोसळत असतात. त्याच सासूबाईंची लेक पुण्यात दिलेली असेल, तर दोन तासांत हाकेच्या अंतरावर असते. "लोक विरारहून रोज चर्चगेटला जातात, तिला महिन्यातून एकदा यायला काय झालं?" दोन्ही विधानं एकाच खुर्चीत बसून, एकाच दुपारी केली जातात आणि दोन्ही वेळा समोरचे मान डोलावतात.

याखेरीज एक टेलिफोनवरचं अंतर असतं. ते सगळ्यात लवचीक. "निघालो" याचा अर्थ गिझर चालू केला. "वाशी सोडलं" म्हणजे चेंबूरचा सिग्नल लागलाय. "लोणावळा आलंच" म्हणजे खालापूरच्या टोलनाक्यावर पुढे चाळीस गाड्या आहेत. "फूड मॉलला आहोत" हे एकमेव विधान खरं असतं, कारण मागून मिसळीची ऑर्डर ऐकू येत असते. पलीकडचाही कच्चा नसतो. तो "निघालो" ऐकून कुकर लावत नाही. "चांदणी चौक" ऐकू आल्यावर तांदूळ धुतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ही सांकेतिक भाषा तयार झालेली आहे आणि दोन्ही शहरांचे संबंध तिच्यावरच टिकून आहेत.

अशा या सुरळीत चाललेल्या संसारात विमान आलं. म्हणजे पूर्वीही होतं. जेट एअरवेजचं विमान या मार्गावर जात असे. 2019 मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. मग मार्च 2023 च्या अखेरीस एअर इंडियाने मुंबई-पुणे विमान सुरू केलं. मुंबईहून सकाळी पावणेदहाला सुटायचं आणि पुण्याला पावणेअकराला टेकायचं. शनिवार सोडून रोज. हा शनिवार कुणी सुचवला असेल त्याला दाद दिली पाहिजे. मुंबईचा माणूस ज्या एका दिवशी हमखास पुण्याला जातो, नेमका तोच दिवस विमानाने घरी बसून काढायचा. कदाचित त्याला शनिवारची एक्स्प्रेसवेवरची गर्दी ठाऊक असेल आणि तीच सवय वर लागू नये असं वाटलं असेल.

आता जरा गणित. अंतर 124 किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ एक तास. म्हणजे ताशी 124 किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर मोटारीला सपाटीवर 100 ची मर्यादा आहे. थोडक्यात, इतकी मोठी इंजिनं, इतकं इंधन, दोन वैमानिक आणि वर परमेश्वर एवढा सगळा जामानिमा करून जो वेग गाठला, तो खालच्या रस्त्यावर कॅमेऱ्याने टिपून चलान पाठवावं एवढाच.

विमानवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं घड्याळ विमान उडल्यावर सुरू होत नाही. चाकांखालचे ठोकळे काढले की सुरू होतं आणि पलीकडे पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. या तासाभरात प्रत्यक्ष हवेतला वेळ पंचवीस-तीस मिनिटांचा. उरलेला वेळ विमान जमिनीवर चालत असतं, किंवा चालण्यासाठी रांगेत उभं असतं. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच कामाची. एका धावपट्टीवर तासाला चाळीसच्या वर विमानं चढतात-उतरतात. त्या रांगेत सिंगापूरचं असतं, लंडनचं असतं, दिल्लीची तर पाच-सहा असतात, आणि शेवटी पुण्याचं. लंडनचा प्रवासी नऊ तासांच्या प्रवासात वीस मिनिटं रांगेत उभा राहिला तर त्याला ते कळतसुद्धा नाही. पुण्याच्या प्रवाशाचं तेवढ्या वेळात पुणं आलं असतं.

पुण्याची अडचण आणखी वेगळी. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. आपण तिथे पाहुणे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाने थांबायचं. यात तक्रारीला जागा नाही. समोर सुखोई असताना "आम्ही आधीपासून रांगेत आहोत" असं म्हणण्याची सोय खुद्द पुण्यातही नाही.

आता एक प्रयोग करू. दादरला राहणारे दोन भाऊ, दोघांनाही कोथरूडला आत्याकडे जायचंय. धाकटा विमानाने, थोरला आगगाडीने. सकाळी सात वाजता सीएसएमटीहून डेक्कन एक्स्प्रेस सुटते, थोरला ती दादरला पकडतो. तिच्या नावातली एक्स्प्रेस फारशी मनावर घेऊ नये. ती ठाण्याला थांबते, कल्याणला थांबते, कर्जतला तर अगदी हक्काने थांबते. त्याच सुमाराला धाकट्याने टॅक्सी बोलावलेली असते. थोरला कल्याण सोडतो तेव्हा धाकटा विमानतळाच्या दारात ओळखपत्र शोधत असतो. थोरला कर्जतला वडा खात असतो तेव्हा धाकटा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवत असतो. धाकटा पट्टा पुन्हा चढवून, तीन सरकते जिने उतरून, गेटवर बसून, बदललेल्या गेटवर जाऊन पुन्हा बसतो आणि अखेर पावणेदहाला विमानाचं चाक हलतं, तेव्हा थोरल्याची गाडी घाट चढून साधारण लोणावळ्याला पोचलेली असते. अकराच्या सुमारास थोरला पुणे स्टेशनात उतरतो, म्हणजे भर शहरात. धाकटा त्या वेळी लोहगावला सामानाच्या पट्ट्याकडे टक लावून उभा असतो. पट्ट्यावरून एकच निळी बॅग फिरत असते आणि ती कुणाचीच नसते. कोथरूडला कोण आधी पोचलं हे आत्यालाच विचारा. तिने पहिली पोळी थोरल्याला वाढली.

धाकट्याची बाजू अशी की तो दमला नाही. हे खरं आहे. दमण्याइतका प्रवास झालाच नव्हता. विमान वर चढतं, पट्टे बांधून ठेवायची सूचना लागलेली असते. ती विझण्याआधीच उतरण्याची सूचना होते. सुरक्षेची माहिती दोन भाषांत सांगून होते तोवर निम्मं अंतर जातं. पाण्यावर विमान उतरल्यास लाइफ जॅकेट कुठे असतं हेही सांगतात. या मार्गावर पाणी म्हटलं तर ठाण्याची खाडी आणि पुढे पवना धरण. कप्तान आरामात बसा म्हणून सांगतात. ते 'सा' म्हणेपर्यंत विमान खाली झुकतं. त्यातही पुण्याला उतरायला फारसं खाली यावं लागत नाही, कारण लोहगाव मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. विमानाने अर्धी पायरी उतरायची, पुणं उरलेली चढून आधीच वर येऊन बसलेलं आहे. कुणी आपल्याकडे येतंय म्हणून पुणं एवढं पुढे आल्याचं हे एकमेव उदाहरण.

खिडकीतून सह्याद्री दिसतो. पावसाळ्यात तोही नाही, नुसता पांढरा कापूस. खरा प्रश्न इथेच आहे. मुंबई-पुणे प्रवासात पाहण्यासारखं, खाण्यासारखं आणि भांडण्यासारखं जे काही आहे ते सगळं मधल्या घाटात आहे. कर्जतला गाडी थांबते ती मागून ढकलणारी इंजिनं लावायला, कारण पुढचा चढ 1:37 चा आहे. म्हणजे 37 मीटर पुढे जाताना एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा तांत्रिक थांबा. प्रवाशांच्या हिशेबात तो वड्यासाठी आहे आणि इंजिनं नुसतं निमित्त. खंडाळ्याच्या आधीचे बोगदे आले की डब्यातली लहान मुलं ओरडतात आणि मोठी माणसं त्यांना गप्प करत स्वतः बोगदे मोजतात. पावसाळ्यात खिडकीपाशी बसलेल्याला सगळा डबा "तो बघा धबधबा" असं सांगतो, जणू त्याने तो पाहिलाच नसावा. डेक्कन क्वीनला तर जेवणाचा स्वतंत्र डबा आहे, टेबलावर वाढणारा. 1 जून 1930 ला ही गाडी सुरू झाली, आणि दर 1 जूनला पुणे स्टेशनात तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. सव्वासातला पुण्याहून निघून ती साडेदहाच्या आत सीएसएमटीला येते. तिच्यात पास काढून वर्षानुवर्षं जाणारी मंडळी आहेत. त्यांच्या ओळखी झाल्या, भिशी झाली, सोयरिकी झाल्या. विमानात पंचवीस मिनिटांत शेजाऱ्याचं आडनावही कळत नाही. मराठी माणसाला आडनाव कळल्याशिवाय गाव कळत नाही आणि गाव कळल्याशिवाय बोलायला विषय मिळत नाही.

सामानाचं दुःख वेगळंच. मुंबई-पुणे जाणारा माणूस रिकाम्या हाताने जात नसतो. जाताना मावशीला बाजारातलं सुकट, येताना बाकरवडी, चितळ्यांची पिशवी आणि आजीने दिलेली लोणच्याची बरणी. विमानात केबिनमध्ये लोणचं नेताना बऱ्याचदा अडवतात. सुरक्षेच्या रांगेत उभं राहून, आजीने कैरीच्या फोडी स्वतः कापल्या आहेत हे खाकी गणवेशातल्या तरुणाला पटवून देणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, यात तेल आहे." काकू म्हणाल्या, "तेल नसेल तर टिकेल कसं?" शास्त्र काकूंच्या बाजूने होतं, नियम त्याच्या. विमान दोघांसाठीही थांबलं नाही.

मग या विमानात बसतं कोण? सरळ पुण्याला निघालेला माणूस क्वचित. बहुतेकांना त्याच्याही पुढे जायचं असतं. मुंबईहून पुण्यात उतरणारा कालच न्यूयॉर्क नाहीतर फ्रँकफर्टहून निघालेला असतो आणि त्याच्या बॅगेवर थेट पुण्याची चिठ्ठी असते. पुण्याहून चढणाऱ्याला मुंबईत विमान बदलून समुद्र ओलांडायचा असतो. विमान कंपन्या अशी शेजारच्या गावाची फेरी ठेवतात ती यासाठीच. मोठ्या विमानाचं गिऱ्हाईक गोळा करणारी ती छोटी फेरी. या माणसाला विमानाने पुणं गाठण्यात वेळ वाचतो की नाही याची फिकीर नसते; त्याला रात्रीच्या टॅक्सीपासून वाचायचं असतं.

ती टॅक्सी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पुण्याहून अमेरिकेला जाणाऱ्या मुलाचं विमान मुंबईहून रात्री दोनला असतं, म्हणून तो पुण्यातून दुपारी चारला निघतो. घाटात ट्रक उलटला तर? पनवेलला अडकलो तर? चेंबूरला पाणी भरलं तर? अशा तीन तरांची बेरीज करून पाच तास जादा धरलेले असतात. त्या दिवशी नेमका एकही ट्रक उलटत नाही. मुलगा सातला विमानतळावर हजर, आत सोडायला अजून वेळ. सोबत आलेले आई-वडील, काका, आणि 'मला मुंबईत काम आहेच' म्हणून गाडीत बसलेला शेजारी, हे सगळे विमानतळाबाहेर कठड्यावर बसून घरून आणलेली पोळी-भाजी खातात. अमेरिका सोळा तासांवर आहे, पण तिच्या आधीचे दहा तास पुण्यातच सुरू झालेले असतात. अशा कुटुंबाने त्या छोट्या विमानाला दोन्ही हात जोडावेत.

दुसरा लायक प्रवासी म्हणजे विलेपार्ल्यात राहणारा आणि विमाननगरला सासुरवाडी असणारा. दोन्ही घरांच्या गच्चीवरून विमानं दिसतात, रिक्षाने विमानतळ गाठता येतो, हा प्रवास देवाने त्याच्यासाठीच आखला आहे. आमच्या नात्यात असे एक गृहस्थ आहेत. ते कारने जातात. "सासुरवाडीला लवकर पोचून करायचं काय?" असं त्यांचं म्हणणं आहे आणि त्याला आजवर कुणी तोड काढलेली नाही.

मधलं अंतर कापण्याची हौस तशी जुनी. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. 1858 मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली, मुंबईकडून खोपोलीपर्यंत आली होती, पण मधला घाट बाकी होता. तेवढ्यापुरतं लोक उतरून पालखीत किंवा तट्टावर बसून डोंगर चढत आणि वर जाऊन पुन्हा गाडीत बसत. घाटाचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर राबले, साथीच्या रोगांनी किती तरी गेले, आणि 21 एप्रिल 1863 ला गाडी घाट चढली. सह्याद्रीने घातलेला पेच त्या दिवशी सुटला. त्यानंतरच्या सगळ्या सुधारणा या सुटलेल्या गणिताची रीत सुटसुटीत करण्याच्या आहेत.

विमानांचं आणि पुण्याचं नातंही वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये टपालाची विमानसेवा सुरू केली तेव्हा मुंबईचं विमानतळ जुहूला होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग विमानं, वैमानिक आणि कारागीर असा सगळा संसार उचलून कंपनी पुण्याला येई आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणं करी. म्हणजे भारतातल्या पहिल्या विमान कंपनीलाही पावसाळा लागला की पुण्याला जावंसं वाटे. पुढे मुंबईच्या माणसाने सुट्टीत हाच शिरस्ता चालवला, फक्त वाटेत लोणावळ्याला भजी खाऊन.

आपल्या काळातलं सगळ्यात मोठं स्वप्न हायपरलूपचं. फेब्रुवारी 2018 मध्ये ते बांधू पाहणाऱ्या कंपनीशी राज्य सरकारचा करार झाला. निर्वात नळीतून डबा सुटणार आणि पंचवीस-तीस मिनिटांत पुण्याहून मुंबई. वर्तमानपत्रांत चित्रं आली. पुण्यात काही लोकांनी मुंबईत नोकरी करून दुपारच्या जेवणाला घरी यायचे बेत केले. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात त्या डब्यात पहिल्यांदा माणसं बसली. पाचशे मीटरच्या नळीत डबा ताशी 172 किलोमीटरपर्यंत गेला. पाचशे मीटर म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावरून पूर्वेकडून पश्चिमेला जाऊन परत येण्याइतकं अंतर. 2023 अखेर कंपनीच बंद झाली. डेक्कन क्वीन त्याही सकाळी सव्वासातला सुटली.

आता तर विमानतळच चालायला लागले आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालं आणि त्याच डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. मुंबईचा विमानतळ अंधेरीहून निघून पनवेलच्या वेशीवर आला, म्हणजे पुण्याच्या बराच जवळ सरकला. पुण्याचा नवा विमानतळ पुरंदरला, सासवडच्या अंगाला करायचं घाटतंय. तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण नकाशा पाहिला तर मौज वाटते. मुंबईचा विमानतळ पुण्याकडे येतोय म्हटल्यावर पुण्याचा आणखी पलीकडे सरकतोय. उद्या हिंजवडीच्या माणसाने नकाशात पट्टी टाकली, तर पुण्याचा विमानतळ की मुंबईचा, कुठला सोयीचा, यावर त्याचा आणि बायकोचा अबोला होईल.

आखूड विमानप्रवासाला मी नावं ठेवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान जातं. अंतर 2.7 किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा चांगला असेल तर एक मिनिटाच्या आत पोचल्याचीही नोंद आहे. शिवाजी पार्क ते माहीम एवढासा तो प्रवास. पण मध्ये समुद्र आहे, शिक्षक आणि डॉक्टर त्या विमानाने बेटावर जातात. तिथे ते विमान म्हणजे त्यांची एसटी आहे. उलट फ्रान्सने 2023 मध्ये कायदाच लागू केला, की जिथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येतं तिथे विमान नको. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लिऑनला जाणारी विमानं त्यात बंद झाली. पुढचं विमान पकडणाऱ्यांना मात्र सूट दिली. म्हणजे त्यांनाही तेच उमगलं. मध्ये समुद्र असेल किंवा पुढे समुद्र ओलांडायचा असेल तर उडावं. मध्ये नुसता कर्जतचा वडा असेल तर थांबून खावा.

मुंबई-पुणे वेळ वाचवायचा ज्यांचा खरोखर विचार आहे, त्यांनी मधल्या 124 किलोमीटरचा नाद सोडावा. तो भाग केव्हाच वेगवान झाला आहे. दिवस खातात ते दोन्हीकडचे शेवटचे टप्पे: दादर ते विमानतळ, लोहगाव ते कोथरूड, बोरिवली ते पनवेल, वाकड ते हडपसर. तिथे गेल्या काही वर्षांत जे काम झालं ते एकाही विमानाने केलेलं नाही. पुण्यात वनाझपासून रामवाडीपर्यंत मेट्रो पुणे स्टेशनवरून जाते. मुंबईत आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो दादर आणि सीएसएमटी दोन्ही जोडते. थोरल्या भावाच्या विजयाचं रहस्य हेच होतं. त्याने स्टेशनवर रिक्षावाल्याशी कोथरूडचा भाव करण्यात एक मिनिटही घालवलं नाही.

तेव्हा परदेशी जाणार असाल तर खुशाल विमानाने जा, लोणचं मोठ्या बॅगेत ठेवा. आत्याकडे जाणार असाल तर आगगाडीने जा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि डेक्कन क्वीनच्या खिडकीजवळच्या जागा लवकर जातात.